कमी खेळणारे, जास्त बुडणारे

ब्रिटनमध्ये २०१० साली जुगाराच्या सवयींची मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. वर्षभरात एकदा तरी पैसे लावून खेळलेल्यांचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश होते, तर आशियाई वंशाच्या ब्रिटिशांमध्ये निम्म्याहून कमी. यात नवल काही नव्हते. पाकिस्तानी आणि बांगलादेशी मुस्लिम घरांत जुगार धर्माने निषिद्ध. हिंदू आणि शीख घरांतही जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही. नवल पुढच्या रकान्यात होते. जुगारापायी झालेले कर्ज, लपवालपवी, घरातली भांडणे, सुटलेला ताबा अशा खुणा दाखवणाऱ्यांची गणती केली, तेव्हा हाच कमी खेळणारा गट गोऱ्यांच्या बराच पुढे निघाला.

न्यूझीलंडमध्येही हेच दिसते. सामोआ, टोंगा, कुक बेटे अशा पॅसिफिक बेटांवरून येऊन ऑकलंडच्या दक्षिण भागात वसलेल्या समाजांत अजिबात न खेळणारे पुष्कळ आहेत आणि बेसुमार खेळणारेही पुष्कळ आहेत. अधूनमधून गंमत म्हणून खेळणारा मधला वर्ग त्या मानाने लहान. अमेरिकेत १४ ते २१ वर्षांच्या मुलामुलींची देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात कृष्णवर्णीय तरुणांमध्ये जुगार खेळणारे गोऱ्यांपेक्षा कमी आढळले. पण जे खेळत होते ते अधिक वारंवार खेळत होते.

तीन देशांतल्या तीन वेगळ्या समाजांत चित्र एकच येते: खेळणारे थोडे, बुडणारे जास्त. हे का होते, याचा शोध घेताना जुगाराच्या धोक्याबद्दल पुष्कळ काही कळते. तो धोका कोणाच्या रक्तात नसतो. राहण्याची वस्ती, कामाचे तास, एकटेपणा, लाज आणि मदतीची वाट, या पाच गोष्टींतून तो तयार होतो. त्या सगळ्या समाजांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, म्हणून आकडे वेगळे दिसतात.

वंशाचा रकाना

अमेरिकेत २००१-०२ मध्ये ४३ हजारांहून अधिक प्रौढांच्या मुलाखती घेऊन व्यसने आणि मानसिक आजारांची पाहणी झाली होती. तिच्यातले जुगाराचे आकडे वंशानुसार वेगळे काढले, तेव्हा जुगारामुळे अडचणीत आलेल्यांचे प्रमाण गोऱ्यांमध्ये १.२ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये २.२ टक्के, मूळ अमेरिकी आणि आशियाई यांच्या एकत्र गटात २.३ टक्के, तर लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमध्ये १ टक्का आले.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली अशी, की लॅटिन अमेरिकी वंशाचे लोकही अमेरिकेत अल्पसंख्य आहेत, त्यांच्यातही गरिबी आणि स्थलांतर आहे, तरी त्यांचा आकडा गोऱ्यांहून वर गेलेला नाही. म्हणजे 'अल्पसंख्य म्हणून जुगारी' असे सरसकट समीकरण मांडता येत नाही. दुसरी गोष्ट त्या एकत्र गटाची. ॲरिझोनातला नवाहो जमातीचा तरुण, न्यू जर्सीतल्या गुजराती दुकानदाराचा मुलगा आणि कंबोडियातून जीव वाचवून आलेल्या बाईची मुलगी हे तिघे एकाच रकान्यात बसले. त्यांना जोडणारा कोणताही स्वभाव नाही. पाहणीत प्रत्येक समाजाची माणसे थोडी, म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी ते एकत्र आले.

चिनी माणूस जन्मजात जुगारी असतो असे जगभर सहज बोलले जाते. असली वाक्ये ज्या समाजाविषयी बोलली जातात त्या समाजातल्या तरुणांनाही ती खरी वाटू लागतात, आणि मदतीचे दार आणखी लांब जाते. वंशाच्या रकान्यातला आकडा कुठे शोधायचे एवढेच सांगतो. कारण तिथे जाऊन, माणसांचे जगणे पाहूनच कळते.

तरुण वयाचा समान धोका

समाज कोणताही असो, १८ ते २५ हे वय जुगाराच्या दृष्टीने नाजूकच असते. बक्षिसाच्या आशेने उसळणारी मेंदूतली यंत्रणा किशोरवयातच पूर्ण जोमात येते. थांब, परिणामांचा विचार कर असे सांगणारा कपाळामागचा भाग पक्का व्हायला मात्र पंचविशी उजाडते. याच वयात हातात पहिला पगार येतो, पहिले बँक खाते येते आणि घरच्यांची नजर दूर होते.

समोरचे यंत्र या वयाचा पुरेपूर फायदा घेते. बक्षीस नेमके केव्हा येणार हे ठाऊक नसले की प्राणी अधिक चिकाटीने कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच प्रयोगांतून दाखवले होते. स्लॉट मशिन याच तत्त्वावर चालते. केंब्रिज विद्यापीठातल्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूचे चित्रण करून आणखी एक गोष्ट समोर आणली. तीनपैकी दोन चित्रे जुळली आणि तिसरे थोडक्यात हुकले, तर तो डाव हरलेलाच असतो. तरी जिंकल्यावर जागे होणारे मेंदूचे भाग अशा हुकलेल्या डावानेही जागे होतात आणि पुढचा डाव खेळण्याची इच्छा वाढते. 'थोडक्यात गेला' ही भावना हरणाऱ्याला खुर्चीवरून उठू देत नाही.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत जुगाराच्या आजाराची नोंद १९८० साली झाली, आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवले गेले. पुस्तिकेत नऊ लक्षणे दिली आहेत. पूर्वीइतकीच मजा येण्यासाठी अधिक पैसे लावावे लागणे, थांबायचा प्रयत्न केला की चिडचिड होणे, हरलेले पैसे काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी परत जाणे, खोटे बोलणे, दुसऱ्यांच्या पैशांवर विसंबणे ही त्यांतली काही. वर्षभरात चार लक्षणे दिसली तर निदान होते.

या आजाराकडे जाणाऱ्या तीन वाटा ॲलेक्स ब्लाझचिन्स्की आणि लिया नॉवर या संशोधकांनी २००२ मध्ये मांडल्या. पहिल्या वाटेने येणाऱ्याला आधी कसलाही त्रास नसतो. जुगार जवळ असतो, मित्र खेळत असतात, सुरुवातीला एखादा मोठा डाव लागतो आणि सवय जडते. दुसऱ्या वाटेने येणारा आधीच दुखावलेला असतो. नैराश्य, भीती, एकटेपणा विसरायला त्याला त्या यंत्रासमोरचे तास हवे असतात. तिसऱ्या वाटेचा माणूस लहानपणापासूनच उतावळा आणि धोका पत्करणारा असतो. दारू, सिगारेट, भरधाव गाडी यांबरोबर जुगारही येतो.

तिसऱ्या वाटेची माणसे प्रत्येक समाजात भेटतात. पहिल्या दोन वाटा मात्र काही समाजांच्या अंगणातून जातात आणि काहींच्या गावाबाहेरून. वंशानुसार दिसणाऱ्या फरकाचा मोठा भाग इथे आहे.

घरापासून किती अंतरावर

पहिली वाट जवळिकीची. अमेरिकेतले संशोधक जॉन वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशव्यापी पाहणीत माणसाच्या घरापासून कॅसिनो किती दूर आहे हेही तपासले. दहा मैलांच्या आत कॅसिनो असेल तर जुगाराच्या अडचणीत सापडण्याची शक्यता जवळपास दुप्पट असल्याचे त्यांना आढळले. वस्ती जितकी वंचित, तितका धोका अधिक, हेही त्यातून पुढे आले.

न्यूझीलंडमध्ये पब आणि क्लबांतल्या जुगारयंत्रांना 'पोकी' म्हणतात. निम्म्याहून अधिक पोकी वंचित वस्त्यांमध्ये आहेत, आणि त्याच वस्त्यांमध्ये देशाची मूळ रहिवासी माओरी आणि पॅसिफिक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. घरभाडे कमी म्हणून माणूस तिथे जातो. त्याच्या मुलाला कोपऱ्यावरच्या पबमध्ये अठराव्या वर्षी ती यंत्रे सापडतात. श्रीमंत उपनगरातल्या मुलाला तेवढ्यासाठी गाडी काढावी लागते. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या पश्चिमेकडच्या फेअरफिल्डमध्येही असेच आहे. व्हिएतनाम आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांचा हा भाग कष्टकऱ्यांचा, आणि जुगारयंत्रांत सर्वाधिक पैसे गमावणाऱ्या भागांत त्याचे नाव न्यू साउथ वेल्स राज्यात सतत अग्रभागी असते. तिथे जन्मलेल्या मुलाने जुगाराची वाट शोधायची गरजच नसते.

काही ठिकाणी अंतर होते, तर ते मुद्दाम कापले गेले. कनेटिकट राज्यात १९९२ मध्ये फॉक्सवुड्स आणि १९९६ मध्ये मोहेगन सन हे दोन प्रचंड कॅसिनो उघडले. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या चिनी वस्त्यांमधून तिथे थेट बस जाऊ लागल्या. तिकीट स्वस्त, आणि वर खेळण्या-जेवण्याची कुपने. चांद्र नववर्षाला आशियाई गायकांचे कार्यक्रम, ओळखीचे खेळ, ओळखीचे जेवण, आपल्या भाषेत बोलणारे कर्मचारी. हॉटेलच्या भटारखान्यात दहा-बारा तास राबणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या तरुणाला परक्या देशात इतक्या आदराने दुसरीकडे कोणी बोलावत नव्हते. संशोधकांनी बॉस्टनच्या चायनाटाउनमध्ये लोकांशी बोलून जुगाराची कारणे शोधली, तेव्हा तुटपुंजी मजुरी, ताण, एकटेपणा आणि वेळ घालवायला दुसरी जागा नसणे हीच उत्तरे पुन्हा पुन्हा आली.

दुखावलेल्यांची वाट

दुसऱ्या वाटेचे सर्वांत हादरवून टाकणारे उदाहरणही कनेटिकटचेच आहे. नॅन्सी पेट्री आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममधून आलेल्या ९६ निर्वासितांची तपासणी केली. त्यांपैकी ५९ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी जुगाराचा गंभीर आजार जडलेला होता. ही माणसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांमार्फत भेटलेली होती, त्यामुळे हा आकडा त्या साऱ्या समाजाचा मानता येणार नाही. तरीही सर्वसाधारण अमेरिकी माणसांत एक-दोन टक्के असलेला आजार एका छोट्या गटात निम्म्याहून अधिकांना होतो, तेव्हा त्या गटाने काय सोसले आहे ते पाहावेच लागते. युद्ध, छळ, डोळ्यांदेखत गेलेली माणसे, निर्वासितांच्या छावण्या, आणि मग कॅसिनोपासून काही मैलांवर नवे आयुष्य.

ब्रिटनमधल्या अलीकडच्या एका अभ्यासात आयुष्यातल्या अडचणी सहन करण्यासाठी जुगाराची मदत होते, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण खेळणाऱ्या अल्पसंख्याकांमध्ये गोऱ्या बहुसंख्याकांच्या सुमारे तिप्पट होते. वंशभेदाचा अनुभव आणि जुगाराची अडचण यांचे नातेही त्यात दिसले. नावावरून अर्ज बाजूला पडतो, रस्त्यात शिवी ऐकावी लागते, शिकूनही बढती मिळत नाही. अशा तरुणाला यंत्रासमोर तरी आपली जात-रंग कोणी विचारत नाही असे वाटते. कष्टाचे दरवाजे बंद दिसले की नशिबाचे दार मोठे वाटू लागते.

परदेशी शिकायला गेलेली मुलेही याच वाटेवर उभी असतात. ऑस्ट्रेलियातल्या तीन विद्यापीठांमध्ये स्थानिक आणि परदेशी अशा सुमारे १६०० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक विद्यार्थी क्वचितच खेळत होते. जुगाराच्या गंभीर अडचणीत असलेले सुमारे ५ टक्के होते. परदेशातून आलेल्या मुलग्यांमध्ये मात्र हे प्रमाण जवळजवळ १० टक्के होते. यातली कित्येक मुले जुगारावर बंदी असलेल्या देशांतून आली होती. घरी असताना त्यांनी जुगार पाहिलाही नव्हता, त्यामुळे त्याला कसे तोंड द्यायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो मुले मेलबर्न, सिडनी, लंडनला जातात, तेव्हा हा अभ्यास आपल्या घरातल्या मुलांविषयीही आहे. बापाने शेत किंवा फ्लॅट गहाण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेले असते. मुलगा रात्री पेट्रोल पंपावर नाहीतर गोदामात काम करतो. पाळी संपते तेव्हा गावातले सगळे बंद असते आणि कॅसिनोत उजेड, ऊब, स्वस्त जेवण असते. पुढच्या सत्राची फी भरायची चिंता डोक्यावर असते. पहिल्या वेळी दोनशे डॉलर जिंकले, तर त्या मुलाला हा फीचा प्रश्न सोडवण्याचा मार्गच वाटतो.

ढाल आणि कडी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या समाजात जुगार वाईट मानला जातो, तिथे कमी लोक खेळतात हे सरळच आहे. पण जे खेळतात त्यांतले इतके जण का बुडतात?

संस्कृती आणि जुगार यांच्या नात्याचा सविस्तर आढावा नम्रता रायलू आणि तियान ओई यांनी २००४ मध्ये घेतला. त्यातून दिसते की संस्कृती एकाच वेळी दोन कामे करते. समाजाच्या धारणा माणसाला खेळण्यापासून रोखतात किंवा ढकलतात, आणि मदत मागायची की नाही हेही त्याच धारणा ठरवतात.

चिनी घरांत नववर्षाला माहजोंग खेळतात. मोठी माणसे, मुले, शेजारी सारे असतात. आपल्याकडे गणपतीच्या जागरणाला रात्रभर पत्ते कुटले जातात, त्यातला हा प्रकार. पैसे थोडे, सोबत मोठी, आणि विसर्जनाबरोबर डावही संपतो. पॅसिफिक समाजांत चर्च किंवा शाळेसाठी निधी जमवायला हाउजीचे खेळ ठेवले जातात. असा जुगार माणसांच्या नजरेखाली राहतो. त्याच माणसाला तेच हात, तीच सवय घेऊन कॅसिनोत बसवले की नजर नाहीशी होते आणि सवय तेवढी उरते.

जिथे जुगार पूर्ण निषिद्ध आहे, तिथली गोष्ट आणखी कठीण. ती बंदी शंभरांतल्या नव्वदांसाठी ढाल असते. उरलेल्या दहांसाठी तीच दाराला आतून लागलेली कडी ठरते. मशिदीत, गुरुद्वारात, मंडळात कळले तर बापाची मान खाली जाईल, बहिणीचे लग्न मोडेल, ही भीती त्याला गप्प ठेवते. गोऱ्या घरातला मुलगा पबमधल्या मित्रांना हरल्याचे सांगतो आणि कोणीतरी त्याला 'आता पुरे' म्हणते. लपून खेळणाऱ्याला असे टोकणारे कोणी नसते. त्याचा तोटा त्याच्याखेरीज कोणालाच दिसत नाही. म्हणून तो काढायलाही तो एकटाच परत जातो. उघडकीला येते तेव्हा कर्ज लाखांत गेलेले असते.

मग घरचे लोक त्यांना ठाऊक असलेला उपाय करतात. ठेव मोडतात, दागिने विकतात, सावकाराचे तोंड बंद करतात, मुलाकडून देवापुढे शपथ घेववतात. लग्न लावून दिले की सुधारेल असे कोणीतरी सुचवते आणि एका मुलीचे आयुष्य त्यात ओढले जाते. हे सारे मायेपोटी होते. पण आजारावर उपचार न होता नुसते कर्ज फिटले, की बुडणाऱ्याला नव्याने उधारी मिळू लागते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

थोडे खेळणारे आणि बरेच बुडणारे, या कोड्याचा उलगडा असा होतो. लाज बहुतेकांना जुगाराबाहेर ठेवते. जे तरीही आत जातात ते बहुधा आधीच अधिक एकटे, अधिक दुखावलेले किंवा अधिक उतावळे असतात. आत गेल्यावर तीच लाज त्यांना बाहेर येऊ देत नाही. गंमत म्हणून खेळणारा मधला वर्ग त्या समाजांत तयारच होत नाही.

मोजण्यातले घोटाळे

या आकड्यांना एक मर्यादाही आहे. जुगाराच्या आजाराची जुनी आणि जगभर वापरली गेलेली प्रश्नावली १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ओक्स रुग्णालयात तयार झाली. जुगारासाठी किंवा जुगाराची देणी फेडायला कोणाकडून पैसे घेतले, हे तीत विचारले जाते. नवरा-बायको, नातेवाईक, बँक, सावकार असे पर्याय असतात. अमेरिकी माणूस भावाकडून पैसे मागतो तेव्हा संकट बरेच पुढे गेलेले असते. एकत्र कुटुंबात किंवा सामोअन घरात पैसा सगळ्यांचा मिळून असतो, आणि मामा-काकांकडून घेणे-देणे रोजचे. त्या घरातला तरुण या प्रश्नाला संकट नसतानाही 'हो' म्हणेल, किंवा संकट असूनही ती उसनवारीच मानणार नाही. फोनवर अनोळखी माणसाने विचारले तर निषिद्ध गोष्टीबद्दल खरे बोलणारेही थोडेच. म्हणून चांगले संशोधक समाजातल्या माणसांना सोबत घेतात, त्यांच्या भाषेत विचारतात आणि आकड्यांबरोबर लांब मुलाखतीही घेतात.

गिरणगावापासून मोबाइलपर्यंत

मुंबईने ही सारी कारणे एका ठिकाणी पाहिलेली आहेत. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका गिरणगावात पसरला. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार बायकामुले गावी ठेवून खोलीत पाळीपाळीने झोपायचा, खानावळीत जेवायचा आणि गावी मनीऑर्डर करायचा. मटक्याला चार आणेही चालत. आकडा घेणारा माणूस गल्लीच्या तोंडाशीच असे. मालवणी किंवा साताऱ्याचा माणूस स्वभावाने जुगारी होता असे कोणी म्हणणार नाही. जुगार जवळ होता, पगार अपुरा होता आणि घर दूर होते.

अलीकडच्या तरुणांचे चित्र केरळमधल्या एका अभ्यासात मिळते. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ५,५८० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १९.५ टक्क्यांनी कधी ना कधी जुगार खेळला होता आणि ७.४ टक्के अडचणीच्या पातळीला पोहोचले होते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे खेळलेल्या दर पाच मुलांमागे जवळपास दोन मुले अडचणीत. त्यांच्यात मुलगे जास्त होते. शिकता शिकता नोकरी करणारे, अभ्यासात मागे पडलेले, दारू-तंबाखूच्या नादी लागलेले, मनाने खचलेले आणि आत्महत्येचे विचार येणारे जास्त होते. यातली बहुतेक कारणे अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांतही आढळतात.

मोबाइलने मात्र जवळिकीचा अर्थच बदलून टाकला. पैसे लावून रमी, क्रिकेटवरची पैज, रंग ओळखण्याचे ॲप हे सारे उशाशी आले. दहा मैलांचे अंतर शून्यावर आले आणि बसचे काम जाहिरातीने केले. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या बँक व्यवहारांवर बंदी आणली. खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानता खेळ चालवणाऱ्यांवर बोट ठेवले, हे या कायद्याचे शहाणपण. पण आधीच नादी लागलेला मुलगा बंदीनंतर परदेशी संकेतस्थळांकडे किंवा गल्लीतल्या बुकीकडे वळू शकतो. आता त्याच्या पोटात लाजेच्या जोडीला कायद्याचे भय असेल, आणि तो आणखी गप्प बसेल. गोव्यात फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. स्थानिक तरुण त्यामुळे वाचत असतील, तर तिथे बसमधून उतरणाऱ्या कोल्हापूर-बेळगावच्या मुलांचा विचारही कोणीतरी करायला हवा.

काय उपयोगी पडते

कारणे परिस्थितीत असतील तर परिस्थिती बदलून धोका कमी करता येतो, आणि काही देशांनी ते करून दाखवले आहे. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडतानाच आपल्या नागरिकांवर १०० डॉलर प्रवेशकर लावला. २०१९ मध्ये तो १५० डॉलर केला. घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोत यायला मज्जाव करू शकतात. न्यूझीलंडच्या २००३ च्या कायद्याने जुगाराला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानले. तिथल्या अनेक नगरपालिकांनी नवे परवाने न देण्याचे ठरवले. एखादा पब बंद पडला की त्याची यंत्रेही कायमची गेली. २००३ मध्ये तिथे २५ हजारांहून अधिक पोकी होत्या, त्या पुढच्या दोन दशकांत बऱ्याच कमी झाल्या. माओरी, पॅसिफिक आणि आशियाई लोकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषांत, हिंदीतही, वेगळी समुपदेशन केंद्रे चालतात. ब्रिटनने २०२५ मध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका डावाची मर्यादा ५ पौंड केली. १८ ते २४ वयोगटासाठी ती २ पौंडच ठेवली. तरुण वयाचा धोका वेगळा आहे हे कायद्याने मान्य केल्याचे हे उदाहरण मोलाचे आहे.

घरातही पुष्कळ करता येते. मुलाला परदेशी किंवा पुण्या-मुंबईला पाठवताना त्याच्याशी दारू-सिगारेटइतकेच मोकळेपणी जुगाराविषयी बोलावे. यंत्राचे गणित हरवण्यासाठीच बेतलेले असते हे सांगावे. फी वेळेवर न भरली जाणे, मित्रांकडून सतत उसने घेणे, रात्रभर जागरण, फोन लपवणे, एकाएकी खूप खूश किंवा खूप गप्प होणे या खुणा दिसल्या तर आरडाओरडा न करता विचारावे. स्वीडनमध्ये जुगाराच्या आजाराचे निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण इतर लोकांच्या सुमारे १५ पट आढळले आहे. म्हणून 'घराण्याला काळिमा फासलास' हे वाक्य अशा वेळी जीवघेणे ठरू शकते. कर्जाचा हिशेब कागदावर मांडावा, खात्याचा कारभार काही काळ विश्वासातल्या माणसाकडे द्यावा, मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची वेळ घ्यावी आणि देणी फेडणे उपचाराशी जोडून घ्यावे. माणसाचे विचार आणि सवयी बदलायला मदत करणारे संवादोपचार या आजारावर गुण देतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

मंडळे, महाविद्यालये, परदेशातली महाराष्ट्र मंडळे यांनीही हा विषय आपल्या व्यासपीठावर आणावा. गणपतीत रक्तदान शिबिर होते, डोळे तपासले जातात. त्याच मांडवात कर्ज आणि जुगार यांविषयी एक तास मोकळे बोलता येईल. आपल्या समाजात असे काही नाही, असे म्हणणाऱ्यांची मुलेच मदतीला सर्वांत उशिरा पोहोचतात. वंशाचा रकाना पाहणीत भरायचा तो कोणावर शिक्का मारण्यासाठी मुळीच नाही. मदतीचे दार कोणत्या वस्तीत उघडायचे, तिथे कोणती भाषा बोलायची आणि रात्रपाळी संपल्यावर येणाऱ्या मुलासाठी ते किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे, हे ठरवायला त्या रकान्याचा उपयोग झाला पाहिजे.